घराच्या राखणीला रायफल? हेदवीसारख्या गावात बंदूक घेण्याआधी खर्चाचा आणि कायद्याचा हिशेब

गणपती गेले, चाकरमानी परत मुंबईला गेले आणि हेदवीच्या वाड्यांमधल्या घरांना पुन्हा कुलपं लागली. मागे राहिली ती म्हातारी माणसं आणि पडवीतला कुत्रा. रात्री आगरात डुकरांची खुसफूस, पहाटे माडावर वानरं, मधूनच बिबट्याने कुत्रा उचलल्याची बातमी, आणि कुठल्या तरी गावात बंद घर फोडल्याची. अशा वेळी विरार-भांडुपला असलेल्या मुलाच्या मनात एक प्रश्न येतोच, आणि तो आम्हालाही विचारला जातो. ‘बाबांसाठी घरी एक रायफल घ्यायची आहे. स्वस्तात कुठली बसेल? बरोबर काय काय सामान लागेल?’

सरळ उत्तर आधीच देऊन टाकतो. रायफल नको. घ्यायचीच असेल तर बारा बोअरची साधी एकनळी किंवा दुनळी काडतुसाची बंदूक बघा. आणि तीसुद्धा घ्यायच्या आधी घराभोवतीचा दिवा, कडी-कोयंडा, कुत्रा आणि शेजार एवढं नीट करून बघा. बऱ्याच घरांचं काम तिथेच भागतं. आता हे असं का, ते सविस्तर सांगतो. कारण मोबाईलवर व्हिडिओ बघून जो तो रायफल, दुर्बीण, सायलेन्सर असं बोलायला लागलाय. ते व्हिडिओ अमेरिकेतले. तिकडचा कायदा वेगळा, घरं वेगळी, आणि एका घरापासून दुसरं घर किती लांब तेही वेगळं.

रायफल आणि बंदूक यात फरक काय

आपल्याकडे बोलताना सगळ्यालाच बंदूक म्हणतात, पण कायदा या दोन्हीत मोठा फरक करतो. रायफलच्या नळीला आतून पीळदार खाचा असतात. त्यातून एकच गोळी फिरत जाते, सरळ जाते आणि फार लांब जाते. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. त्यातून बहुतेक वेळा छर्रे सुटतात. ते पसरतात आणि थोड्या अंतरावर त्यांचा जोर संपतो.

सामान्य माणसाला परवान्यावर मिळू शकणारी रायफल म्हणजे मुख्यतः .315 बोअरची, हाताने खटका मागेपुढे करून भरायची. ती सरकारी शस्त्र कारखान्यात बनते. लष्करी बोअरच्या, म्हणजे .303 किंवा 7.62 वगैरे, रायफली सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. आता ही .315 ची गोळी हेदवीच्या एखाद्या वाडीत रात्री झाडली तर काय होईल याचा विचार करा. चिऱ्याची भिंत कदाचित तिला अडवेल. पण मागचं कवाड, खिडकी, पत्रा, कौलं यातलं काहीच तिला अडवणार नाही. गोळी चुकली तर ती मैलभर पुढेही जाऊ शकते. आपल्या वाड्यांमध्ये एका घराच्या परसात दुसऱ्याची पडवी असते. खालच्या पाखाडीवरून रात्री उशिरा कोणी येत असतो. समुद्राकडे तोंड करून झाडली तरी किनाऱ्यावर माणूस असू शकतो. रायफल हे मोकळ्या माळावरचं हत्यार आहे, आपल्या दाट झाडीच्या, उतारावरच्या वाडीतलं नाही.

दुसरं कारण कायद्याचं. सध्याचा शस्त्र अधिनियम 1959 चा, तो 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू आहे. त्याच्या कलम 13 मध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान 20 इंच नळीची गुळगुळीत बंदूक हवी असेल, किंवा खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर नाकारण्याचं कायदेशीर कारण नसल्यास परवाना द्यावा असं कायदा म्हणतो. रायफल, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांच्यासाठी मात्र तुमच्याकडे ‘सबळ कारण’ आहे याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणजे रायफल महाग, तिचा परवाना कठीण, आणि वाडीत ती धोक्याची. तिन्ही बाजूंनी तोटाच.

याच कायद्यातली एक चांगली गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कलम 14 मध्ये स्पष्ट आहे. म्हणजे बंदूक ही फक्त बागायतदारांची मिरास नाही. दोन गुंठ्यांचा माणूसही अर्ज करू शकतो.

घरात शेतीची बंदूक आहे, तीच चालेल का?

हा आपल्या जिल्ह्यातला खास प्रश्न. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यातल्या बऱ्याच ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू, मग डाट, मग छर्रे घालून गजाने ठासायचे, वर टोपी बसवायची आणि बार काढायचा. एकदा बार काढला की पुन्हा भरायला सवयीच्या माणसालाही वेळ लागतो. पावसाळ्यात दारू दमट होते आणि टोपी नुसतीच फुसकते. डुकरांना आवाजाने पळवायला ती ठीक आहे. पण अंधारात दार फोडून आलेल्या माणसासमोर तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

म्हणून काही जण ती भरूनच ठेवतात, खुंटीला टांगून. ही सगळ्यात वाईट सवय. ठासलेली बंदूक रिकामी करायची सोपी सोय नसते. भरलीय की रिकामी, हे बघूनही कळत नाही. गज नळीत घालून खोली मोजली तरच अंदाज येतो. नातवंडं सुट्टीत येतात आणि खुंटीकडे त्यांचं लक्ष पहिलं जातं.

शिवाय परवाना शेतीसंरक्षणाचा असेल तर तो त्याच कामापुरता असतो. परवान्यावर उद्देश, क्षेत्र आणि अटी लिहिलेल्या असतात. चष्मा लावून एकदा शांतपणे वाचा. स्वसंरक्षणासाठी बंदूक हवी असेल तर अर्जातच तसं कारण द्यावं लागतं. ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीला पुरेशी नाही असं पटवून दिलं तर त्याऐवजी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची तरतूद कलम 13 मध्येच आहे. डुकरांचा उपद्रव जास्त असलेल्यांनी ही वाट विचारून बघावी.

पण परवाना आहे म्हणून डुक्कर मारता येतं, असा एक समज पक्का बसलाय. तो चुकीचा आहे. बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्याखाली आणि डुक्कर मारायची परवानगी वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली, वनविभागाकडून. दोन्ही कागद वेगळे. बिबट्या तर पहिल्या अनुसूचीत आहे. तो गोठ्यात शिरला म्हणून बार काढला तर किमान 3 वर्षं आणि कमाल 7 वर्षं कैदेची तरतूद आहे. अंगावरच आला आणि जीव वाचवायला मारला तर कायदा तो गुन्हा मानत नाही, पण ते सिद्ध करायची वेळ येतेच. बिबट्या वस्तीत दिसला तर वनविभागाचा 1926 हा नंबर आहे. तो लावा, ढोल-डबे वाजवा आणि दार लावून घरात बसा.

बारा बोअर घ्यायची तर कशी

किमतीचा क्रम साधारण असा लागतो: एकनळी सगळ्यात स्वस्त, मग दुनळी, रायफल त्याच्या वर. आयात केलेल्या नावाजलेल्या बंदुका वेगळ्याच, त्यांच्याकडे बघूच नका. दोन-तीन परवानाधारक विक्रेत्यांकडे दर विचारा, आणि नव्याबरोबर जुन्याचाही विचारा. आपल्याकडे जुन्या दुनळ्या बऱ्याच फिरतात, कारण मुलं शहरात गेली आणि वडिलांची बंदूक कोणालाच नकोय.

जुनी घेताना मात्र घाई नको. बंदूक मोडून (म्हणजे बिजागरीवर वाकवून) काडतूसघर रिकामं असल्याची खात्री करा, मग नळीच्या मागच्या बाजूने उजेडाकडे बघा. आतून आरशासारखी चकचकीत असेल तर उत्तम. गंजाचे खड्डे, ठिपके, कुठे फुगवटा किंवा पोचा दिसला तर ती परत द्या, कितीही स्वस्त असली तरी. आपल्या खाऱ्या हवेत गंज आतूनच धरतो. बंद केल्यावर नळी आणि दस्ता यांच्यात हालचाल जाणवता कामा नये. दस्त्याला मुठीजवळ चीर आहे का बघा. नळीवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर एकच आहे ना, हे स्वतः वाचा.

आणि एक गोष्ट विक्रेत्याला विचाराच: काडतूसघर किती लांबीचं आहे. जुन्या बंदुकांमध्ये ते 65 मिलीमीटरचं असतं. हल्ली 70 मिलीमीटरची काडतुसंही मिळतात. मोठं काडतूस जुन्या बंदुकीत जातं, बसतंही. पण उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा नसते, दाब वाढतो आणि नळी फाटू शकते. तसंच, आजोबांच्या काळातल्या काही नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते. लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या त्या नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. त्यात आजचं काडतूस घालू नका. ती भिंतीवरची शोभा म्हणूनसुद्धा परवान्याशिवाय ठेवता येत नाही, पण त्याबद्दल पुढे येईलच.

जुनी बंदूक एका परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल तर आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर 45 दिवस थांबावं लागतं. पैसे देऊन रात्री गाडीतून बंदूक आणली, कागद नंतर करू, असं केलं की तुम्ही दोघंही अडकलात.

एकनळी की दुनळी? पैसे कमी असतील तर एकनळी पुरे. पण परवडत असेल तर दुनळी बरी, कारण पहिलं काडतूस फुसकं निघालं तर दुसरं असतं. बाकी आपोआप भरणाऱ्या, पंपाच्या बंदुकांचा मोह नको. जितके भाग जास्त तितका गंज जास्त, आणि दुरुस्तीला माणूस शोधत फिरा.

वजन आणि धक्का हाही विचार करा. बारा बोअरचा धक्का खांद्याला चांगलाच बसतो. ज्या माणसासाठी घेताय त्याचं वय किती, मोतीबिंदू झालाय का, हात कापतो का, रात्री उठल्यावर चक्कर येते का? ‘बाबांना घेऊन देतो’ म्हणणाऱ्या मुलाने हे बाबांना नाही, आईला विचारावं. ती खरं सांगेल.

बरोबरचं सामान

इथेच लोक पैसे उधळतात. दुर्बीण नको. घराच्या पडवीतून परसातलं दिसायला दुर्बीण कशाला लागते? सायलेन्सर तर विषयच काढू नका. बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी जोडणी निषिद्ध वर्गात मोडते, ती सामान्य परवान्यावर ठेवताच येत नाही.

पहिला खर्च लोखंडी कपाटाचा. बंदूक उभी मावेल असं, भिंतीत बोल्टने पक्कं केलेलं, कुलूपवालं. गावातला वेल्डिंगवाला करून देतो. काडतुसं त्यात नाही, दुसरीकडे, दुसऱ्या कुलपात. चावी देवघरात गणपतीमागे ठेवायची पद्धत आहे. ती घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असते, हे लक्षात ठेवा. चापाला लावायचं वेगळं कुलूप मिळतं, स्वस्त असतं, तेही घ्या.

दुसरा खर्च साफसफाईचा. गज, ब्रश, चिंध्या आणि बंदुकीचं तेल. खोबरेल लावू नका, ते सुकल्यावर चिकट होतं. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी पुसायला हवी. हेदवीसारख्या समुद्राकाठच्या गावात मी तर बारमाही म्हणेन. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या म्यानात बंदूक घालून वर्षभर ठेवली की म्यान ओल धरतं आणि नळीवर तांबूस पट्टा उठतो. म्यान फक्त नेण्या-आणण्यासाठी वापरायचं.

तिसरी वस्तू म्हणजे चांगली बॅटरी, म्हणजे टॉर्च. हातात वेगळी. समोर कोण आहे हे दिसल्याशिवाय बंदूक उचलायचीच नाही. रात्री परसात आवाज करणारा माणूस चोरच असतो असं नाही. पिऊन वाट चुकलेला शेजारी असतो, मध्यरात्रीच्या गाडीने न सांगता आलेला आपलाच मुलगा असतो. शिकारीला गेलेल्यांनी झाडीतली हालचाल बघून बार काढला आणि समोर सोबती निघाला, अशा बातम्या आपण कोकणात किती वेळा वाचल्यात!

काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच घेता येतात. एलजी, एसजी ही मोजक्या मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसं, बीबी किंवा चार नंबर ही बारीक छर्ऱ्यांची. मोठा छर्रा लांब जातो आणि पत्र्या-फळीतून आरपार होतो. वाडीत शेजार जवळ असताना हे विसरू नका. काडतुसं ओलीला लगेच बळी पडतात. ती फुगली, पितळेला हिरवट चढलं, तर वापरू नका आणि चुलीतही टाकू नका. विक्रेत्याला किंवा पोलिसांना विचारून निकाली काढा.

जाता जाता एअर गनबद्दल. 4.5 मिलीमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर गनला परवाना लागत नाही, म्हणून ती घराघरात येऊ लागलीय. पण ती घराच्या संरक्षणाचं हत्यार नाही. समोरचा चिडेल तेवढाच. आणि वानरांवर झाडणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, छर्रा कितीही बारीक असला तरी.

परवान्याची वाट

अर्ज आता ऑनलाइन, केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर. परवानाधारकाला एक ओळख क्रमांक मिळतो, तो परवान्यावर येतो. आपल्या जिल्ह्यात परवाना अधिकारी म्हणजे रत्नागिरीचे जिल्हादंडाधिकारी, आणि हेदवीच्या अर्जाची चौकशी गुहागर पोलीस ठाण्याकडे. वय 21 पूर्ण हवं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, बंदूक सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र लागतं आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. या शेवटच्या कागदाला नुसता कागद समजू नका. ते प्रशिक्षण खरंच घ्या. नियमाप्रमाणे पोलिसांनी 30 दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि अहवाल आल्यावर 60 दिवसांत निर्णय. प्रत्यक्षात फेऱ्या होतात. तवसाळ-जयगड फेरीबोटीने रत्नागिरी गाठायची सवय ठेवा. नकार आला तर कारण लेखी मिळायला हवं, आणि कलम 18 खाली 30 दिवसांत अपील करता येतं.

2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत 3 वर्षांवरून 5 वर्षं झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्याच दुरुस्तीने विनापरवाना शस्त्राची शिक्षा वाढवली. आता किमान 2 आणि कमाल 5 वर्षं कैद, शिवाय दंड. लग्नाच्या वरातीत आनंदाच्या भरात बार काढून कोणाचा जीव धोक्यात आणला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता चाकरमान्यांसाठी महत्त्वाचं. परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. परवाना मुलाच्या नावावर, मुलगा विरारला आणि बंदूक हेदवीला बाबांच्या ताब्यात, हे चालत नाही. बाबांच्या नावावर परवाना असेल आणि ते चिपळूणला दवाखान्यात असतील तर त्या रात्री आईला ती बंदूक उचलण्याचा अधिकार नाही. आणि दोघंही चार महिने मुलाकडे मुंबईला राहायला गेले, तर कुलूपबंद घरात बंदूक ठेवून जायची का? चोर बहुतेक वेळा बंद घरच फोडतात. म्हणजे घराच्या राखणीला घेतलेली बंदूक चोराच्या हातात. जाण्याआधी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करा आणि पावती घ्या.

निवडणुकीचं तर विचारूच नका. 2024 साली लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली, म्हणजे अख्खा आंबा-काजूचा हंगाम. मग 15 ऑक्टोबरला विधानसभेची लागली, ऐन भातकापणीत. अशा वेळी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतल्या जातात. कोणाची घ्यायची, कोणाला सूट द्यायची हे ठरवायला जिल्हास्तरावर छाननी समिती असते. खरी गरज असेल तर लेखी अर्ज करून सूट मागता येते, पण मिळेलच असं नाही. मग पंचायत, जिल्हा परिषद आहेतच. एका वर्षात दोन निवडणुका आल्या की घराच्या राखणीसाठी घेतलेली बंदूक गुहागरला राखणीत!

बार काढायचा हक्क कधी

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. जिवावर बेतलं, जबर मारहाणीची खरी भीती निर्माण झाली, तर प्रतिकार करताना समोरच्याचा जीव गेला तरी तो हक्कात बसू शकतो. मालमत्तेसाठी हा हक्क इतका लांब जातो तो मोजक्या वेळी. दरोडा किंवा जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घर फोडणं, राहत्या घराला आग लावणं, किंवा चोरी होताना जिवाची वा जबर इजेची वाजवी भीती असणं.

पण कलम 37 ची अट यावर कायम असते. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. समजा चोर मागच्या दाराने शिरला, तुम्ही ओरडलात आणि तो पितळी भांडी टाकून आगरातून पळत सुटला. त्याच्या पाठीत छर्रे घातलेत तर आता आरोपी तुम्ही. कलमात आंबे काढताना कोणी सापडला, त्याच्यावर बार काढला, तरी तसंच. गडग्याला वीज सोडून ठेवणं, वाटेत बंदूक बांधून दोरी लावणं, डुकरांसाठी गावठी बॉम्ब पेरणं हे तर कुठल्याच संरक्षणात बसत नाही. त्यात आधी आपलाच माणूस, आपलीच गाय जाते.

हेदवीहून गुहागर पोलीस ठाणं वीस-पंचवीस किलोमीटर, वळणाचा रस्ता. 112 लावला तरी गाडी यायला वेळ लागणार हे मान्य. म्हणूनच तो मधला वेळ कसा काढायचा हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेकदा बंदूक नसते. मागच्या कवाडाला आतून आडणा, परसाच्या बाजूला हालचालीने पेटणारा दिवा, सौरवाला घेतला तर बत्ती गेली तरी चालतो. मोठ्या आवाजाचा भोंगा, ज्याचं बटण अंथरुणाजवळ. कुत्रा, एक नाही, दोन. पोलीस पाटलांचा आणि वाडीतल्या चार तरण्या पोरांचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर. मध्यरात्री फोन वाजला तर उठायचं, असं वाडीने ठरवलेलं. याचा सगळा खर्च एकनळीपेक्षा कमी होतो. त्याचं नूतनीकरण करावं लागत नाही आणि आचारसंहितेत तो जमा होत नाही.

माळ्यावरची बंदूक

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते आपल्या तालुक्यात सगळ्यात तातडीचा. आजोबा वारले, त्यांच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेली. मुलं मुंबईला. परवाना कधीच संपला. कोणाच्या मनात काही वाईट नाही, ‘आजोबांची आठवण’ एवढंच. पण कायद्याच्या दृष्टीने परवानाधारक गेला की ते शस्त्र बाळगायचा हक्क संपतो. कलम 21 प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला हवं. घराची डागडुजी करताना गवंड्याला ती सापडली, त्याने चार जणांना सांगितलं, आणि आजोबांची आठवण विनापरवाना शस्त्र ठरलं, असं होऊ शकतं.

बंदूक घरातच ठेवायची इच्छा असेल तर वारसाने स्वतःच्या नावावर परवाना मागायचा. 2016 च्या शस्त्र नियमांत वारसांना परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. मृत्यूनंतर तर आहेच, पण परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे ते शस्त्र 25 वर्षं असेल, तर हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. म्हणजे बाबा सत्तरीला आले असतील तर ही गोष्ट त्यांच्या समोर, त्यांच्या सहीने उरकता येते. वारसालाही चौकशी, प्रमाणपत्रं, सगळं लागतंच. बंदूक कोणालाच नको असेल तर तसं लिहून देऊन ती जमा करायची.

ती नेताना पिशवीत घालून एसटीत बसू नका. आधी पोलीस पाटलांना सांगा, गुहागर ठाण्यात फोन करा, काय कसं आणायचं ते त्यांनाच विचारा. मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना सापडला तर बरोबर घ्या. नळी भरलेली असण्याची शक्यता धरूनच चाला. चाप-घोड्याशी खेळू नका, गज घालून दारू काढायचा प्रयत्न स्वतः करू नका. जमा केल्यावर मिळालेली पावती जपून ठेवा, आणि तिचा फोटो काढून सगळ्या भावंडांना पाठवा.